डाव दहाव्या चालीच्या आतच का ढासळतो? ओपनिंगची तपासणी आणि दुरुस्ती

नाशिकमध्ये पोरांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पालकांची तक्रार ठरलेली असते. "सर, पुढचा खेळ बरा आहे त्याचा, पण सुरुवातीलाच गार होतो. एखादं जबरदस्त ओपनिंग शिकवा ना." सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली शिफ्ट संपवून रात्री मोबाईलवर दोन-चार डाव टाकणारी मोठी माणसंही हेच विचारतात, फक्त थोडं लाजत.

त्यात विदित गुजराथी आपल्या गावचा. २०१३ मध्ये तो ग्रँडमास्टर झाला, २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही स्पर्धा जिंकून त्याने कँडिडेट्स (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी स्पर्धा) गाठली आणि २०२४ साली टोरांटोत तिथे अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. त्यातला पहिला डाव काळ्या मोहऱ्यांनी, घरून करून आणलेल्या तयारीवर, एच३ (पटावरच्या घराचं नाव: अक्षर उभ्या पट्टीचं, ए ते एच; आकडा आडव्या ओळीचा) वरच्या प्याद्यावर उंट झोकून. हे पाहिलेल्या प्रत्येक पोराला आता 'तयारी' हवी असते. हरकत काहीच नाही. पण ज्याचे दोन घोडे आणि एक उंट पंधराव्या चालीलाही घरीच बसलेले असतात, त्याला वीस चालींची तयारी देऊन काय होणार? माझं मत रोखठोक आहे: सुरुवातीला हरणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना नवीन ओपनिंगची गरज नसते. आपला डाव नेमका कुठे फुटतो हे त्यांनी एकदाही शोधलेलं नसतं.

आधी तपासणी, मग औषध

शेवटचे हरलेले पाच-सहा डाव काढा. लिचेस किंवा चेस डॉट कॉमवर ते साठलेले असतातच. स्पर्धेतले असतील तर स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) काढा. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) बंद ठेवा. दहाव्या चालीवर पट थांबवा आणि पुढचं विसरून जा.

आता हिशोब साधा आहे. दोन घोडे आणि दोन उंट बाहेर काढायला चार चाली. मधली दोन प्यादी पुढे टाकायला दोन. कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित बाजूला नेणं) एक. झाल्या सात. म्हणजे दहांपैकी तीन चाली तुमच्या हातात मोकळ्या उरतात: एखादं मोहरं परत मारायला, एखादी धमकी चुकवायला, हत्ती मधल्या पट्टीवर आणायला. तुमच्या पटावर सातांपैकी चारच कामं झालेली दिसली, तर उरलेल्या सहा चाली कुठे गेल्या ते कागदावर लिहा. वजिराने खाल्ल्या? कडेच्या प्याद्यांनी? एकाच घोड्याने तीनदा उड्या मारल्या? पाच-सहा डावांत एकच उत्तर पुन्हा पुन्हा येईल. तुमचा रोग तोच. खाली प्रत्येकाचा इलाज आहे. आपला तेवढा वाचला तरी चालेल.

वजीर लवकर निघतो (तुमचा किंवा त्याचा)

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये पट मांडले की पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी एकजण 'चार चालींची मात' खातोच. चाली अशा: १. ई४ ई५ २. उंट सी४ घोडा सी६ ३. वजीर एच५. इथे काळ्याचं पोर फुशारकीने घोडा एफ६ खेळतं. मोहरं बाहेर आलं, शिवाय वजिरावर हल्ला! सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि ४. वजीर एफ७ वरचं प्यादं मारतो. मात.

म्हणून तत्त्वाच्याही आधी एक घर पाठ करा. सुरुवातीच्या मांडणीत एफ७ (आणि पांढऱ्याचं एफ२) या प्याद्याला राजाशिवाय कुणीच राखत नाही. सुरुवातीचे बहुतेक सापळे याच घराभोवती लावलेले असतात.

दुरुस्ती: तिसऱ्या चालीला जी६. वजीर एफ३ वर सरकतो, एफ७ वर पुन्हा डोळा ठेवून. आता खेळा घोडा एफ६, धमकी बंद. मग पट बघा. तुमचे दोन घोडे बाहेर, जी७ वर उंटाची जागा तयार, कॅसलिंग दोन चालींवर. त्याचा मात्र वजीर नेमका त्याच्याच घोड्याच्या घरावर बसलाय. चिडून त्याने ५. जी४ खेळून तुमचा घोडा हाकलायला घेतला, तर घोडा डी४ टाका. वजिरावर हल्ला, शिवाय सी२ वर पडून राजा आणि हत्ती यांना एकदम धरायची धमकी. वजीर बहुतेक वेळा मुकाट डी१ वर परततो, मग तुम्ही डी५ खेळून मध्य फोडा. त्याच्या पाच-सहा चालींचं भांडवल शून्य.

उलट बाजूही सांगतो. ज्या पोराला या चालीने चार डाव मिळाले, त्याची सवय मोडणं सगळ्यात अवघड. जिंकतोय ना, मग का सोडू? पालकसुद्धा खूश असतात. मी अशा पोरांना सरळ सांगतो, पहिल्या आठ चालींत वजिराला हात लावायचा नाही, फक्त परत मारायचा असेल तर अपवाद. दोन महिने हरेल थोडं. हरू दे.

घाबरलेली प्यादी

"एच३ का खेळलास?" "उंट येऊ नये म्हणून." "आला होता का?" "नाही, पण आला असता."

हा संवाद आठवड्यातून एकदा तरी होतो. ए३ आणि एच३, ए६ आणि एच६: चार चाली, आणि पटावर काहीही घडलेलं नाही. उंट जी४ वर येऊन घोडा बांधेल (घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडेल) ही भीती खरी आहे, पण बांधलेला घोडा म्हणजे मेलेला घोडा नव्हे. कधी कधी बांधणाराच अडकतो. हे पाहा: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६? आता ५. घोडा घेतो ई५! काळ्याने लालच करून डी१ वरचा वजीर मारला की ६. उंट घेतो एफ७ शह, राजा ई७, ७. घोडा डी५ मात. तीन लहान मोहऱ्यांनी राजाला पटाच्या मध्यावर कोंडलं, वजीर देऊन. अठराव्या शतकातल्या लेगाल नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ही मात ओळखली जाते.

मात्र सांभाळून. काळ्याचा घोडा आधीच सी६ वर असेल तर हीच चाल अंगलट येते, कारण तो घोडा ई५ वर मारतो आणि तिथून जी४ चा उंटही राखतो. तुमचं एक मोहरं गेलं. पोरं सापळा पाठ करतात, अट विसरतात.

एच३ कधीच खेळू नये असं नाही. उंट जी४ वर आलेला असेल, तुमचं कॅसलिंग झालेलं असेल आणि त्या उंटाला 'मारतोस की जातोस' असं विचारायचं असेल, तर जरूर खेळा. दुसऱ्या-तिसऱ्या चालीला मात्र तेवढ्याच किमतीत घोडा एफ३ वर येतो. मोकळ्या पटावर एफ३ वरून घोडा आठ घरं बघतो, एच३ वरून चार, कोपऱ्यातून फक्त दोन. मधली घरं म्हणजे आपला सीबीएसचा (मध्यवर्ती बसस्थानकाचा) चौक आहे. तिथून गावात कुठेही जाता येतं.

एकच घोडा पुन्हा पुन्हा, आणि नियम मोडावा कधी

हा भाग जरा सावकाश वाचा. 'एकच मोहरं दोनदा हलवू नका' हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि त्यामुळेच खूप डाव जातात.

इटालियन ओपनिंग घ्या: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६. आता पांढरा खेळतो ४. घोडा जी५. तोच घोडा दुसऱ्यांदा! नियम मोडला. पोरगं निर्धास्त होतं, 'याला काही येत नाही' म्हणून आपला उंट बाहेर काढायला घेतं. पण एफ७ वर आता उंट आणि घोडा दोघांचा डोळा आहे, राखणारा एकटा राजा. नियम मोडला खरा, पण मोबदला घेऊन मोडला.

काळ्याचं साधं, भरवशाचं उत्तर डी५. उंटाची वाट बंद. ५. ई घेतो डी५. आणि इथे हात आपोआप जातो: घोडा घेतो डी५. मेलेलं प्यादं परत मारलं, घोडा मध्यात आला, याहून नैसर्गिक चाल नाही. पुढे पाहा. ६. घोडा घेतो एफ७! वजीर आणि हत्ती दोन्हींवर हल्ला, म्हणून राजाला घोडा मारावाच लागतो. ७. वजीर एफ३ शह, आणि डी५ च्या घोड्यावरही हल्ला. राजा जी८ वर पळाला तर उंट डी५ वर मारून शह देतो आणि थोड्याच चालींत मात होते. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, भर चौकात, यावं लागतं. मग ८. घोडा सी३. सहाव्या चालीपर्यंत सुखाने घरी बसलेला राजा आठव्याला पटाच्या मध्यावर उभा. दहा-बारा वर्षांच्या पोराने यातून डाव वाचवलेला मी तरी पाहिलेला नाही.

बरोबर चाल कोणती? पाचव्या चालीला घोडा ए५. घोडा कडेला! आणि तोही दुसऱ्यांदा हलवलेला! दोन नियम एकाच चालीत मोडले, तरी चाल खरी, कारण तिने उंटाला हलवलं. पुढे ६. उंट बी५ शह सी६ ७. डी घेतो सी६ बी घेतो सी६. उंटावर पुन्हा हल्ला. तो ई२ वर गेला की एच६ खेळून घोड्यालाही हाकला, तो एफ३ वर परतला की ई४ पुढे टाका. तुमचं एक प्यादं कमी आहे, पण त्याची मोहरी माघार घेत आहेत आणि पुढाकार तुमच्याकडे आहे.

म्हणजे तत्त्वं केव्हा वापरायची? पटावर ठोस काही घडत नसेल तेव्हा. शह, मारामारी किंवा थेट धमकी असेल तर आधी तिचा हिशोब, तत्त्व नंतर. हा क्रम उलटा झाला की माणूस 'नियमाने' हरतो.

आणि ज्याला एवढं डोक्यात ठेवायचं नाही, त्याच्यासाठी सोपी वाट: तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळा. मग घोडा जी५ वर आला तर तुमचा डी८ चा वजीर तो फुकट खातो. नवख्या पोरांना मी हेच देतो.

नक्कल

छोटा रोग, पण हमखास. समोरचा जे खेळेल तेच आपण. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा घेतो ई५ घोडा घेतो ई४? ४. वजीर ई२. घोडा घाबरून एफ६ वर परत आला की ५. घोडा सी६, आणि वजिराचा उघडा शह लागून तुमचा वजीर गेला. दुरुस्ती एका चालीची: तिसऱ्याला आधी डी६ खेळून त्याचा घोडा हाकला, मग ई४ चं प्यादं मारा.

राजा मध्यातच राहतो

कॅसलिंगचा कंटाळा मला आजवर कळलेला नाही. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांत देशी पद्धतीने शिकलेल्या आजोबांचं समजू शकतं. त्या खेळात कॅसलिंग नव्हतंच, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि शह लागण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. डाव सावकाश उघडायचा, राजाला घाई नव्हती. आजच्या नियमात प्यादी पहिल्याच चालीला दोन घरं जाऊन भिडतात, ई आणि डी पट्ट्या पाच-सहा चालींत मोकळ्या होतात, आणि त्या पट्टीच्या टोकाला तुमचा राजा बसलेला असतो.

याचं सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक म्हणजे १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये पॉल मॉर्फी खेळला तो डाव. समोर ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर, दोघे मिळून एका बाजूने. डाव कुठल्याही साइटवर सापडेल. तो काढा आणि वरची तपासणी त्यावर करा. काळ्याच्या पहिल्या नऊ चालींपैकी पाच प्याद्यांच्या आहेत. दोन चाली एका उंटाच्या, आणि तो उंट चौथ्याच चालीला घोड्याच्या बदल्यात गेलेला. उरल्या दोन: एका घोड्याची आणि एका वजिराची. वजीर ई७ वर आला तोही एफ७ राखायला, आणि त्याने स्वतःच्याच एफ८ च्या उंटाची वाट अडवली. सतराव्या चालीला मात झाली तेव्हा तो उंट, एच८ चा हत्ती आणि राजा तिघेही जिथे मांडले होते तिथेच होते.

या डावातली माझी आवडती चाल शेवटचा वजीर-बळी नाही. ती आठवी आहे. मॉर्फीला बी७ चं प्यादं फुकट मिळत होतं. मारलं असतं तर काळा वजीर बी४ वर शह देऊन वजिरांची अदलाबदल करणार होता. तीही पांढऱ्याला फायद्याचीच, प्यादं जास्त. त्याने ते सोडलं आणि घोडा सी३ वर आणला. समोरच्याची मोहरी घरात झोपलेली असताना वजीर काढून डाव थंड का करायचा? शिकाऊ खेळाडूला हा निर्णय पचत नाही, 'फुकट होतं की!' म्हणतो. त्याला मी दोन्ही बाजूंनी डाव खेळून दाखवतो.

स्पर्धेतली एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कॅसलिंग करताना आधी राजा उचला, मग हत्ती, एकाच हाताने. आधी मुद्दाम हत्तीला हात लावून मग राजाला लावला, तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही, आणि समोरचं पोर तक्रार करायला टपलेलंच असतं. घरी कसंही चालतं म्हणून ही सवय लागते.

पाठ केलेली चाल संपते

हा थोड्या वरच्या पातळीचा रोग. व्हिडिओ पाहून लंडन सिस्टिम बसवलेली असते: डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३, समोर कुणी का असेना. पद्धत वाईट नाही. पण पोर समोर बघायचंच सोडून देतं. काळा पहिल्याच चालीला सी५ खेळला तरी यांचा उंट एफ४ वर. काळा डी४ चं प्यादं मारतो, यांचा वजीर परत मारतो, काळ्याचा घोडा सी६ वर येऊन वजिराला हाकलतो. तिसऱ्या चालीला वजीर मध्यात आणि चौथ्याला पळापळ. सी५ दिसल्यावर पाठ केलेलं बाजूला ठेवून डी५ पुढे टाकलं असतं किंवा ई३ ने मध्य राखला असता, तर प्रश्नच नव्हता.

यावर इलाज कंटाळवाणा आहे आणि तोच लागू पडतो. समोरच्याच्या प्रत्येक चालीनंतर आपली चाल खेळण्याआधी बघायचं: त्याचा शह येतो का, तो काही मारू शकतो का, या चालीने काय नवीन उघडलं? पहिल्या चालीपासून. तीन मिनिटांच्या डावांत हे जमत नाही, म्हणून रोग जाईपर्यंत ते डाव बंद. दहा किंवा पंधरा मिनिटांचे खेळा.

आणि ओपनिंग हवंच असेल तर पांढऱ्याला इटालियन, काळ्याला ई४ समोर ई५ आणि डी४ समोर डी५. वर्षभर पुरतं. सिसिलियन, किंग्ज इंडियन ही ओपनिंग पुढे बघता येतील.

दुरुस्ती होते आहे का, हे कसं कळणार

महिनाभराने पुन्हा तीच दहाव्या चालीची तपासणी. सातांपैकी सहा कामं होत असतील आणि तरी हरत असाल, तर रोग ओपनिंगचा नाही, डावपेचांचा आहे. मग रोज कोडी सोडवा, ओपनिंगला हात लावू नका. इंजिन लावायचं ते सगळ्यात शेवटी. ते आकडा दाखवतं, पण तुमचा घोडा घरी का राहिला हे सांगत नाही.

स्कोअरशीटवर लाल पेनाने प्याद्यांच्या आणि वजिराच्या चालींना गोल करा, एका नजरेत रोग दिसतो. फक्त हे डाव संपल्यावर. डाव चालू असताना स्कोअरशीटवर चाली, वेळ आणि बरोबरीचा प्रस्ताव अशा ठरलेल्या नोंदींपलीकडे स्वतःसाठी खुणा करायला फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात परवानगी नाही, आणि आर्बिटरने (पंचाने) टोकलं की पोराचं लक्ष उरलेल्या डावातून उडतं.